सूचना क्रमांक एकेचाळीस

महिपती पोहण्याच्या टाकीतला पाला जाळीनं काढत होता, तेव्हा कोमलनं त्याला विचारलं, "आबा, आपली खोली किती फुटाची असंल?"

असा प्रश्न महिपतीला जन्मात कुणी केला नव्हता. बंगल्याचं विचारायचे. शनिवारी-रविवारी पाहुणे उतरले की आधी तेच विचारायचे आणि महिपती तोंडपाठ सांगायचा: खाली दोन खोल्या, वर तीन, पुढं व्हरांडा, मागं स्वयंपाकघर, सगळं मिळून बत्तीसशे फूट. बंगल्याच्या मागच्या अंगाला, पंपाच्या खोलीला चिकटून जी त्याची खोली होती, ती मोजायची कुणाला गरज पडली नव्हती. त्यालाही नाही. त्यानं जाळी काठाला टेकवली, पायरीवर बसला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "दोन खाटा बसत्यात. तिसरी बसत न्हाई."

"फुटात सांगा."

"मंग तूच मोज की. तुज्याकडं मोबाईल हाय."

कोमल ही महिपतीची एकुलती एक लेक. पुण्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि गौरी-गणपतीच्या सुट्टीला मळवलीला आली होती. तिच्या वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च सरकारी साह्यातून भागायचा. बँकेनं शिक्षणासाठी कर्ज दिलं होतं, त्याचं व्याजही सरकारच भरायचं. राखणदाराच्या पगारात यातलं काहीही बसलं नसतं. साह्य थांबलं की कोमलचं शिक्षण थांबलं, हे त्या खोलीतल्या तिघांनाही कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता जिथं टाकी होती तिथं पूर्वी महिपतीच्या बापाचं भाताचं खाचर होतं. बापानं ते विकलं, पुण्याच्या अनंत साहेबांनी घेतलं, बंगला बांधला आणि राखायला महिपतीलाच ठेवलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. जमीन हलली पण महिपती जागचा हलला नाही, असं लोक गमतीनं म्हणायचे. महिपतीही हसायचा. पूर्वी इथं गुडघाभर चिखलात उभा राहून तो गवत काढायचा, आता निळ्या फरशीवर उभा राहून पाला काढायचा, एवढाच काय तो फरक.

कोमल पायरीवर त्याच्या शेजारी बसली. "सरकारनं साह्याचे नवे नियम काढलेत. त्यात एक कलम आहे. ज्या कुटुंबाचं वास्तव्य पंधराशे चौरस फुटांहून मोठ्या मिळकतीत आहे, ते कुटुंब साह्याला अपात्र."

"बरोबरच हाय," महिपती म्हणाला. "मोठ्या घरातल्यांना कशाला पायजे साह्य?"

"आबा, आपणच मोठ्या घरातले. आधारवर पत्ता बंगल्याचा आहे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत या पत्त्यावर एकच मिळकत आहे. बत्तीसशे फुटांची."

खोलीबाहेर चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या महिपतीच्या बायकोचा, सरुबाईचा हात तिथंच थांबला. "आगं, पण त्या घरात आमी पाय ठिवतो ते लादी पुसाया!"

"कागदाला कसं कळणार ते?"

आधारची गोष्टही अशीच झाली होती. शाळेत शिबिर लागलं होतं. तिथल्या माणसानं विचारलं, झोपता कुठं? महिपतीनं सांगितलं, बंगल्यावर. त्यानं लिहिलं. नंतर अनंत साहेबांना कळलं तेव्हा ते दोन दिवस नीट बोलले नव्हते.

"मंग आता संपलंच की समदं," महिपती म्हणाला.

"नाही. हा मसुदा आहे. सरकार लोकांना विचारतंय. तीस दिवसांत हरकती आणि सूचना पाठवा म्हणतंय."

इथून महिपतीच्या डोक्यात जो गुंता झाला तो पुढं सुटलाच नाही. संध्याकाळी शेजारच्या बंगल्याचा राखणदार नथू तंबाखू मळत आला, तेव्हा महिपतीनं गुंता त्याच्यापुढं टाकला.

"नियम झालाय का व्हायचाय?" नथूनं विचारलं.

"व्हायचाय म्हणं. मसुदा हाय."

"मसुदा म्हंजी?"

"कच्चा."

"कच्चा हाय तर पिकू दे की. मंग बगू गोड हाय का आंबट."

"पिकल्यावर इचारत न्हाईत म्हणं. कच्चा हाय तवरच इचारत्यात."

नथूनं तंबाखूची चिमूट दाढेला लावली आणि बराच वेळ विचार केला. "म्हंजी सरकारला म्हाईत न्हाई का नियम कसा करायचा? मंग पगार कशाचा घेत्यात? आन म्हाईत आसंल, तर तुला-मला कशाला इचारतंय? यात काय तरी डाव हाय, महिपती. आपण आपलं गप ऱ्हावं."

महिपतीला तेही पटलं. कोमलचं बोलणं चालू असलं की कोमलचं पटायचं, नथूचं चालू असलं की नथूचं. आजवर त्याला सरकारनं फक्त सांगितलं होतं. ग्रामसभेतसुद्धा आधी वहीवर सही व्हायची, मग चहा व्हायचा, आणि ठराव काय झाला ते पुढच्या सभेला कळायचं. विचारणारं सरकार त्यानं पाहिलं नव्हतं. त्यामुळं त्याला त्याची थोडी भीतीच वाटत होती.

कोमलनं मात्र सूचना लिहिली. राहणारा वेगळा आणि मालक वेगळा, हे नियमात वेगळं धरावं, एवढाच मजकूर. मोबाईलवरनं पाठवली आणि लगेच उत्तर आलं की आपली सूचना मिळाली, क्रमांक एकेचाळीस, आपली इच्छा असल्यास सुनावणीत समक्ष मांडावी. महिपतीला त्या आकड्याचंच अप्रूप वाटलं. सगळ्या जिल्ह्यातनं आपल्या आधी चाळीसच माणसं?

"साहेबांकडनं एक चिठ्ठी घ्या," कोमल म्हणाली. "महिपती आमच्याकडं राखणदार आहे, मागच्या खोलीत राहतो. एवढंच. ती जोडली की बळकटी येईल."

"त्यात काय! साहेब हासत देतील."

आणि खरंच, अनंत साहेब माणूस चांगला होता. हे कथेत सांगायची पद्धत म्हणून सांगत नाही. कोमलला पहिल्या वर्षाची पुस्तकं त्यांनी घेऊन दिली होती. शनिवारी ते आणि त्यांच्या पत्नी कौमुदीबाई आले, तेव्हा व्हरांड्यात खुर्चीत बसून त्यांनी कोमलची सूचना चष्मा लावून वाचली, दोन ठिकाणी भाषा सुधारून दिली आणि म्हणाले, "शाब्बास. असं लोकांनी बोललंच पाहिजे. महिपती, मुलगी तुझी हिऱ्यासारखी आहे."

महिपती खांबाला टेकून उभा होता. त्यानं चिठ्ठीचं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. कौमुदीबाई चहा टाकते म्हणून आत गेल्या. चहा तर आत्ताच झाला होता.

"काम करतो, असं लिहून देतो," साहेब म्हणाले. "रोज येऊन काम करतो."

"येऊन कुटनं, साहेब? आमी हितंच तर ऱ्हातो."

"तेच तर. 'राहतो' हा शब्द मला लिहिता येणार नाही." साहेब चष्म्याची काच पुसत राहिले. "तुला मी परका मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण जमीन मूळची तुमची. एकोणीस वर्षं तू इथं आहेस. आणि माझ्याच सहीचा कागद की हा इथं राहतो. उद्या कूळ म्हणून, ताबा म्हणून काय काय निघू शकतं, तुला कल्पना नाही. वकिलांनी बजावून ठेवलंय."

"मी तसला न्हाई, साहेब."

"तू नाहीसच रे. पण तुझ्या मागून कोण कसा निघेल, सांगता येतं का?"

तुझ्या मागून म्हणजे कोमलच. आत्ता हिरा होती ती. महिपतीच्या ते ध्यानात आलं, पण ते ध्यानात आल्याचं साहेबांच्या ध्यानात येऊ नये म्हणून तो खाली बघत राहिला. त्याला लाज वाटली, आणि नवल म्हणजे ती स्वतःची नव्हे, साहेबांची. एवढा मोठा माणूस आपल्यासारख्याला घाबरतो, हे आपल्याला दिसायला नको होतं, असं त्याला झालं.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. काय आडत न्हाई," तो म्हणाला.

निघताना साहेबांनी जुन्या शर्टांची एक पिशवी दिली. महिपतीनं ती दोन्ही हातांनी घेतली.

सुनावणी लागली दसरा झाल्यावर, वडगावला, आणि लागली ती नेमकी भातकापणीत. रुळापलीकडचं एक खाचर महिपती दरवर्षी अर्धेलीनं, निम्म्या वाट्यावर करायचा. वर्षाचा तांदूळ त्यातनंच यायचा. भात पिवळं होऊन आडवं व्हायला लागलं होतं आणि आभाळ रोज दुपारी विसापूरच्या अंगानं काळं धरत होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी तिघंही खाचरात वाकली होती. कोमल दोन दिवसांची रजा टाकून आली होती. विळा चालवायची तिची सवय मोडली होती, करंगळीला दोनदा लागलं. ती बोट तोंडात धरायची आणि पुन्हा कापायला लागायची.

"उद्या पाऊस आला तर मी एकटी काय करू?" सरुबाई म्हणाली. "एक दिस सुनावणी फुडं ढकला म्हणावं."

"ती काय लगीन हाय व्हय, फुडं ढकलायला?"

"मंग कोमल जाऊ दे. तुमी हितं ऱ्हावा. तुमी जाऊन काय बोलणार?"

महिपतीनं पेंढी बांधली, कंबर धरून उभा राहिला. सरुबाईचं खरं होतं. पण कोमलच म्हणाली, "आबांनी बोलायला पाहिजे. मी बोलले तर कॉलेजची पोरगी बोलते म्हणतील. आबांना बघितलं की त्यांना कळंल."

म्हणजे बोलायला नव्हे तर दाखवायला नेतेय ही मला, असं महिपतीच्या मनात आलं. पण लेकीचा विश्वास बघून त्याला बरंही वाटलं. चालताना, भारे वाहताना, कोमल त्याच्याकडनं पाठ करून घेत होती. "आणि त्यांनी विचारलं, पुरावा काय? तर काय सांगायचं?"

"तलाठ्यानं येऊन खोली बगावी."

"मालकाचं नाव काढायचं नाही."

"न्हाई काढत."

वडगावच्या सभागृहात पंखे गरगरत होते. दारातच एक वही होती. महिपतीनं सही केली आणि सवयीनं चहा कुठं आहे ते बघितलं. चहा नव्हता. पुढं टेबलाशी तीन अधिकारी बसले होते, मधल्या एक बाई. त्यांच्या शेजारी एक जण सगळं संगणकात उतरवून घेत होता. एक-एक जण उठून बोलायचा. कॉलेज चालवणाऱ्या एका संस्थेचा माणूस अर्धा तास बोलला. त्यातलं महिपतीला 'धन्यवाद' तेवढं कळलं. दुसऱ्यानं मसुद्याचं स्वागत केलं आणि मग त्यालाच विरोध केला. तिसरा म्हणाला की हा मसुदाच चुकीचा, आधी सरकारनं धोरण आणावं. महिपतीनं कोमलला हळूच विचारलं, "धोरण म्हंजी मसुद्याचा बाप का?" कोमल हसू दाबत म्हणाली, "गप बसा."

"क्रमांक एकेचाळीस."

महिपती उभा राहिला. साहेबांचा जुना शर्ट खांद्यात मोठा होत होता. ध्वनिक्षेपकाची उंची एकानं येऊन कमी केली.

"बोला काका. घाबरू नका," बाई म्हणाल्या. आवाज मायेचा होता.

"बाई, आमी बंगल्यात ऱ्हात न्हाई," महिपती म्हणाला. "बंगल्याच्या मागं ऱ्हातो. पत्ता एकच हाय. बंगला साहेबांचा, आमी निस्ते राखतो. राखणारा मालक आसता, तर बँकेच्या दारातला शिपाई लय मोठा माणूस झाला आसता."

सभागृह हसलं. बाईही हसल्या आणि त्यांनी पेन उघडलं. सकाळपासून त्यांनी पेन उघडलं नव्हतं. महिपतीला एकदम हुरूप आला. मळवलीत असे किती राखणदार आहेत, त्यांची पोरं कशी शिकतात, हे तो पाठ केलेलं सोडून आपलं आपण सांगत गेला. संस्थावालाही मान वळवून ऐकत होता.

"तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "राहणं आणि मालकी वेगळी धरायला हवी. पण काका, उद्या खरा बंगलेवालाच म्हणाला की मी राखणदार आहे, तर आम्ही ओळखायचं कसं? तुम्हीच सांगा."

"तलाठ्यानं..." महिपतीनं सुरुवात केली.

"तलाठ्याला वेळ कुठाय!" मागनं कोणीतरी ओरडलं. "मालकाकडून लिहून आणा की! का मालक देत नाही लिहून?"

पुन्हा हशा झाला. पण हा हशा वेगळा होता. बाईंनी हात वर करून तो थांबवला आणि सहज विचारलं, "तुमचे मालक देत नाहीत का लिहून?"

बंगल्यातली गोष्ट फाटकाबाहेर न्यायची नाही, हा राखणदाराचा पहिला धर्म. कोण पाहुणे आले, कोण कुणाशी भांडलं, किती बाटल्या निघाल्या, एकोणीस वर्षांत यातलं त्याच्या तोंडून नथूलाही कळलं नव्हतं. आणि आता दीडशे माणसांपुढं, लिहून घेणाऱ्यापुढं, सांगायचं की आमचा मालक आम्हाला घाबरतो? ज्याचं मीठ खाल्लं, ज्याचा शर्ट अंगात घातला, त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायची? कोमल खुर्चीतनं मान हलवत होती, नको, नको. ते त्याला दिसलं. पण त्याची जीभ आधीच सुटली होती.

"देत नसायला काय झालं? देवमाणूस हाय आमचा मालक! त्यास्नीच इचारा की, बाई. हातच्या काकणाला आरसा कशाला? एका शब्दात सांगतील."

"म्हणजे मालकाचा दाखला घ्यावा, अशी तुमची सूचना."

"व्हय," महिपती म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं. सभागृहात टाळ्या पडल्या. आयुष्यात त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि त्या कशासाठी वाजल्या हेही त्याला नीट समजलं नाही.

गाडीत कोमल खिडकीकडं तोंड करून बसली. कामशेत गेल्यावर म्हणाली, "असं का बोललात आबा?"

"मंग काय साहेबांची इज्जत काढू व्हय तितं?"

"आणि माझं?"

"आगं, निस्तं बोललो मी. बोलल्यानं काय नियम होतोय? एवढी शिकलेली माणसं तास-तास बोलली. आमच्या एका शब्दावर सरकार चालतंय का?"

कोमल पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. महिपतीच्या मनात पाल चुकचुकली. पण मळवलीला उतरले तर टपोरे थेंब सुरू झालेले, आणि दोघंही तशीच खाचराकडं पळाली. सरुबाई एकटी ओल्या पेंढ्या बांधाकडं ओढत होती. अर्धं भात भिजलं.

मार्गशीर्षात नियम आला. महिपती आणि सरुबाई अंगणात भात झोडपत होती. भिजलेलं भात काळपट पडलं होतं आणि त्याला कुबट वास येत होता. कोमलचा फोन आला. तिनं वाचून दाखवलं आणि महिपतीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला, म्हणजे सरुबाईलाही ऐकू यावं. सूचना क्रमांक एकेचाळीस मान्य करण्यात येत आहे. स्वतःच्या मालकीच्या नसलेल्या मिळकतीत राहणाऱ्या कुटुंबांना त्या मिळकतीच्या क्षेत्रफळाची अट लागू राहणार नाही.

"बग!" महिपती सरुबाईला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "बग, आपलं ऐकलं!"

"पुढं आहे, आबा," कोमल म्हणाली. "मात्र अशा कुटुंबानं, सदर मिळकतीत आपण किती काळापासून राहत आहोत, याबद्दल मिळकतीच्या मालकाचं मुद्रांक कागदावरील प्रमाणपत्र जोडणं बंधनकारक राहील."

महिपतीनं हातातली पेंढी खाली ठेवली. मग विचारलं, "आन तलाठी?"

"तलाठ्याचं काही नाही."

"म्हंजी आपलं ऐकलं का न्हाई?"

"ऐकलं, आबा. तुम्ही म्हणालात तसंच केलं त्यांनी." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर महिपतीला सोपं गेलं असतं. "महिनाअखेरपर्यंत जोडायचंय. नाहीतर पुढच्या वर्षाचं नाव निघंल."

दुसऱ्या दिवशी नथू आला. त्याची पुतणी आयटीआयला होती आणि तिचा बाप राखायचा त्या बंगल्याचा मालकही कागद द्यायला तयार नव्हता. "खाजवून खरूज काढलीस, महिपती," नथू उभ्याउभ्याच बोलला. "गप ऱ्हा म्हणलं होतं. मसुद्यात निस्तं घर मोजणार होते, आता मालकाच्या पाया पडाया लावलंस समद्या मळवलीला." आणि तंबाखू न मळताच निघून गेला. महिपतीला वाटत होतं की त्याला थांबवावं, सांगावं. पण सांगायचं काय, ते त्यालाच कळत नव्हतं. चांगलं व्हावं म्हणून गेलो, चांगलं बोललो, चांगल्या माणसाला चांगलं म्हणालो, आणि त्याचं हे असं कसं झालं?

शनिवारी अनंत साहेब आले. महिपतीनं गाडी पुसली, पिशव्या आत नेल्या, टाकीचं पाणी दाखवलं. मग खिशातनं कोमलनं पाठवलेला, स्टेशनाजवळच्या दुकानातनं छापून आणलेला कागद काढला. हात पँटीला पुसले आणि कागद पुढं केला.

साहेबांनी तो उभ्यानंच वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. "किती काळापासून... मुद्रांक कागदावर," ते पुटपुटले. "महिपती, साधी चिठ्ठी मी देऊ शकलो नाही. हे तर माझ्याच हातानं गळ्यात दोर बांधून घेण्यासारखं आहे. मला नाही जमायचं. कोमलचा पुढच्या वर्षीचा खर्च काय असेल तो थोडाफार मी बघीन. पण हे नाही."

"बरं, साहेब."

"आणि मला कमाल वाटते या लोकांची." साहेबांना खरोखर राग आला होता, आणि तो कोमलच्या बाजूनंच आला होता. त्यांनी कागद टेबलावर टाकला. "एअर कंडिशनमध्ये बसून नियम करतात. मालक असा कागद देईल का, एवढा साधा विचार नाही? ज्याच्यावर वेळ येते त्याला एका शब्दानं तरी विचारायचं की नाही? कुणाला विचारून केला हा नियम?"

महिपतीनं टेबलावरचा कागद उचलला, होता तसा चार घड्या घालून खिशात ठेवला.

"मला इचारून, साहेब," तो म्हणाला.